दोघांनी मिळून बावन्न अल्बम: यादी, वही आणि पाण्याचा वार

आमच्याकडे गाणी ऐकायचा वार पाणी ठरवतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही कधी रात्री अकराला, कधी पहाटे. त्या रात्री टाकी, पिंप, बादल्या भरण्यापलीकडे घरात दुसरं काही होत नाही. सुरुवातीला आम्ही ‘दर शनिवारी रात्री नऊ’ असा नेम केला होता. तिसऱ्याच शनिवारी नळ आला आणि नेम मोडला. मग ठरवलं, पाणी येऊन गेलं की दुसऱ्या रात्री अल्बम. दीड वर्ष झालं, हे टिकलंय. तुमच्या घरात पाण्याऐवजी शिफ्ट असेल, मुलांची शिकवणी असेल, सासूबाईंची मालिका असेल. घराचा जो गाडा आधीच चालू आहे त्याच्या मागे हा कार्यक्रम बांधा. वेगळा मुहूर्त काढलात तर तो टिकत नाही.

आमची ओळख दोन ओळींत. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की यांना हाक. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. इंग्रजी गाण्यांशी आमचा संबंध शून्य. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं जगभरच्या नामांकित अल्बमची यादी पाठवली आणि म्हणाली, आई, दोघं मिळून ऐका. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते.

यादी आधी कापा

प्रसिद्ध याद्या दोन. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची पाचशे अल्बमची, आणि ‘मरण्यापूर्वी ऐकावेत असे १००१ अल्बम’ या अर्थाच्या नावाचं २००५ साली निघालेलं जाडजूड पुस्तक. आठवड्याला एक धरला तर पाचशेला साडेनऊ वर्षं लागतात आणि हजाराला एकोणीस. ह्यांनी हा हिशेब ऐकला आणि म्हणाले, “तोवर माझं पेन्शन चालू होईल की.”

यादीचा दबदबाही वाटून घेऊ नका. ‘रोलिंग स्टोन’नं २००३ साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. २०२० साली नव्या मंडळींची मतं घेतली तेव्हा तोच चोविसाव्यावर घसरला आणि मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिला आला. अल्बम तेच, मतं देणारे बदलले. म्हणून आम्ही क्रमांकाकडे पाहिलंच नाही. बावन्न निवडले: चाळीस बाहेरचे, बारा आपले. एका कलाकाराचे दोनाहून जास्त नाहीत. शिवाय दोघांना तीन-तीन नकार, कारण न विचारता. माझे दोन पहिल्याच दिवशी संपले. ह्यांनी तिन्ही अजून जपून ठेवलेत, रेशनच्या साखरेसारखे.

क्रम कसा लावायचा? सालानुसार लावावा असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं. पण ‘१००१’ची सुरुवात १९५५ सालच्या फ्रँक सिनात्राच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’पासून होते. त्या वाटेनं गेलात तर पहिले कितीतरी आठवडे एकाच काळात काढावे लागतात आणि घरातला एक जण गळतो. आम्ही दोन जुने, एक नवा, एक आपला अशी चौकट धरली. साल वहीत लिहायचं, त्याप्रमाणे ऐकायचं नाही.

बाजू कुठे संपते ते शोधा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अशा चार-सहा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत, तिथून ‘अल्बम’ हा शब्द आला. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची लाँग प्ले बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. पुढची पस्तीसेक वर्षं अल्बम करणारे लोक या दोन बाजूंचा विचार करून गाणी मांडत होते. पहिली बाजू कुठे सोडायची, तबकडी उलटल्यावर कशानं उठवायचं, हा त्यांचा मध्यंतराचा हिशेब. मोबाईलवर तो मध्यंतर नाहीसा झालाय. दहा-बारा गाणी एका रांगेत उभी असतात.

बीटल्सचा ‘ॲबी रोड’ ऐकताना आम्हाला हे कळलं. १९६९ चा अल्बम. सहावं गाणं पावणेआठ मिनिटांचं. शेवटी एकच सुरावट फिरत राहते, मागून वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो, आणि एकदम सगळं बंद. मध्येच, वाक्य तोडल्यासारखं. हे उठून मोबाईल बघायला गेले, “पॅक संपला वाटतं.” पॅक शाबूत होता. गाणं मुद्दाम तसं कापलेलं आहे आणि पहिली बाजू तिथेच संपते. तेव्हा लोक उठून तबकडी उलटवायचे आणि शांततेनंतर गिटारवर ऊन पडल्यासारखं ‘हिअर कम्स द सन’ सुरू व्हायचं. आम्हाला मात्र दोन्हींच्या मधला श्वासच मिळाला नाही.

तेव्हापासून प्रत्येक अल्बमची पहिली बाजू कोणत्या गाण्याला संपते ते आधी शोधून वहीत रेघ मारते. तिथे थांबवायचं, दहा मिनिटं. चहा, पाणी, बोलणं, सगळं तेव्हा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीही तेव्हाच. आमच्याकडे कडक भाकरी ऐकताना खायला बंदी आहे. पहिल्या महिन्यात पियानोच्या एका हळुवार जागेवर ह्यांनी भाकरीचा असा तुकडा मोडला की मी अल्बम पहिल्यापासून लावला.

मोबाईलमध्ये चार गोष्टी करून घ्या. गाणी उलटसुलट लावणारं शफल बंद. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही लावणारं ऑटोप्ले बंद. दोन गाण्यांमध्ये फट न ठेवणारी गॅपलेस सोय चालू, नाहीतर ‘ॲबी रोड’च्या दुसऱ्या बाजूला एकमेकांत ओवलेली छोटी गाणी ठेचकाळत वाजतात. आणि चौथी, मूळ लांबीची आवृत्ती शोधा. ‘डीलक्स’ लिहिलेल्या आवृत्तीत शेवटच्या गाण्यानंतर तालमीतले तुकडे जोडलेले असतात. पंगतीत ताक पिऊन झाल्यावर पुन्हा वरण वाढल्यासारखं होतं. जाहिराती मध्ये येणार असतील तर ऐकूच नका. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांवर संपतो. तिथे कुणी साबण विकायला आलं तर काय उरलं? एक महिना पैसे भरा, नाहीतर लायब्ररीतून, ओळखीतून सीडी मिळवा.

त्याच अल्बममध्ये ‘टाइम’ हे गाणं एकदम पुष्कळ घड्याळांच्या गजरानं सुरू होतं. रात्री अकरा वाजता फ्लॅटमध्ये ऐकणार असाल तर त्याआधी आवाज कमी करा. आम्ही केला नाही. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, कुणाची गाडी आहे पहाटे.

बसायचं कुठे

मोबाईलच्या स्पीकरवर हे करू नका. आमच्याकडे जुना दोन डब्यांचा, म्हणजे दोन स्पीकरचा, डेक आहे. कॅसेटचा भाग मेलाय, मागे वायर लावून मोबाईल जोडतो. महागडं काही लागत नाही, पण डबे दोन हवेत आणि एकमेकांपासून पाच-सहा फूट लांब. दोघांनी समोर मधोमध, डब्यांपासून सारख्या अंतरावर बसायचं. साठच्या दशकातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा गळा एका डब्यात आणि वाद्यं दुसऱ्यात अशी सरळ वाटणी केलेली असते. बीटल्सचा ‘रबर सोल’ आम्ही खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसून ऐकला. मला गाणारा आवडला, ह्यांना गाणारा लांब वाटला. अर्धा तास वाद घातल्यावर लक्षात आलं की दोघांनी वेगवेगळं ऐकलंय.

आता कानांबद्दल. ह्यांनी सव्वीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढली आहेत. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि आठ तासांसाठी पंच्याऐंशीची मर्यादा सांगितली जाते. अशा आवाजानं कान जातो तो आधी बारीक सुरांकडून, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणून यांना झांजेची सळसळ, तारेचं टोक, शब्दातले स-श पुसट ऐकू येतात. पहिला मोह आवाज वाढवण्याचा होतो. तो टाळा. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. आम्ही डेकचा ट्रेबल थोडा चढवला आणि दोन्ही डबे कानाच्या उंचीला आणले. एवढ्यानं काम झालं. सोलापुरात मागांवर, टॉवेलात, सूतगिरणीत आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत. तुमचा जोडीदार “काही विशेष नाही वाटलं” म्हणाला, तर त्याच्या आवडीवर जाण्याआधी कानांचं बघा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसला गेला की कूलर बंद करणं शक्य नाही, आणि कूलर चालू असताना हळू संगीत ऐकणंही शक्य नाही. म्हणून यादी ऋतूप्रमाणे वाटा. ‘थ्रिलर’, रॉक, ढोल-ताशाच्या ताकदीचं जे काही असेल ते उन्हाळ्यात. जोनी मिचेलच्या ‘ब्लू’सारखे एक गळा आणि एक वाद्य असलेले अल्बम थंडीसाठी राखून ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा मात्र आम्ही सुट्टी घेतो. नंदीध्वज बघायचे की डेकसमोर बसायचं?

एकानं वाचायचं, एकानं कोरं बसायचं

दर अल्बमला दोघांपैकी एकानं आधी माहिती वाचायची आणि ऐकण्यापूर्वी दुसऱ्याला फक्त दोन वाक्यं सांगायची. पुढच्या वेळी भूमिका उलट. दोघांनीही वाचलं तर दोघंही दुसऱ्यांची मतं ऐकत बसतात. दोघांनीही नाही वाचलं तर परक्या भाषेत हात सुटतो.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला माझी दोन वाक्यं अशी होती: याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला आणि त्यानं जे सांगितलं ते याच्या डोक्यात राहिलं. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, संपलं कधी कळणार नाही. पस्तीस मिनिटांचा अल्बम. सुरुवातीला घरगुती समारंभातल्यासारखी माणसांची कुजबुज आहे. ती ऐकून ह्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. शब्द एकही कळला नव्हता.

शब्दांबाबत आमचा नियम: पहिल्यांदा शब्द बघायचे नाहीत. दुसऱ्यांदा ऐकायचं ठरलं तरच मोबाईलवर शब्द उघडायचे, आणि तेही एका गाण्याचे.

वही, आणि गुण देऊ नका

आम्ही आधी दहापैकी गुण देत होतो. त्यातून नुसती भांडणं निघाली. यांचे सहा माझ्या आठाच्या अंगावर यायचे आणि पुढचा अर्धा तास दोन गुणांच्या फरकावर जायचा. आता शंभर पानी वहीत डावं पान माझं, उजवं ह्यांचं. बाजू संपली की तोंड उघडण्याआधी तीन ओळी लिहायच्या:

आवडलेली एक जागा, मिनिटासकट.
कंटाळा आला ती एक जागा.
पुन्हा लावू का: हो, नाही, किंवा ‘थंडीत बघू’.

मिनिट लिहिण्यावर हट्ट धरा. “छान होतं” यावर बोलता येत नाही. “तिसऱ्या मिनिटाला मागचा खर्ज एकटाच चालतो” यावर चहा संपेपर्यंत बोलता येतं.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं पान समोर उघडं आहे. माझी ओळ: ‘खूप शांत, रात्रीचं, गायकच नाही.’ ह्यांची: ‘फलाटावर बसल्यागत वाटतंय. गाडी येत नाही.’ दोन आठवड्यांनी हेच म्हणाले, ते फलाटाचं परत लाव. या वेळी ह्यांनी लिहिलं: ‘पुढचे तिघं फुंकतात. मागचा एक जण गप काम करतोय, त्याच्यावर सगळं उभं आहे.’ तो मागचा म्हणजे बास या खर्जातल्या तंतुवाद्यावर पॉल चेंबर्स. हा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि एप्रिलच्या दोन बैठकींत झाला. पहिल्या बैठकीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र जरा हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर किंचित चढ्या सुरात वाजायची. कित्येक वर्षं ती तशीच विकली गेली. नव्वदच्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ती दुरुस्त झाली. मी हे वाचून दाखवलं तर ह्यांना अल्बमपेक्षा तेच जास्त आवडलं. “मोटर हळू फिरली, मग माल उलटा चढा निघणारच. आमच्यात पट्टा सैल झाला की पिका, म्हणजे आडवे धागे, कमी पडतात, तसं.” जॉबर माणसाला मास्तरांच्या कारखान्यातला दोष सापडला, त्यानंतर माइल्स डेव्हिस घरचा झाला.

आपले अल्बम परक्या मापानं मोजू नका

परदेशी याद्यांमध्ये आपलं काही शोधत बसू नका, स्वतः घाला. पण जरा विचारानं. ‘गीतरामायण’ मी यादीत घातलं आणि एका रात्री पंधरा गाणी ऐकली. चूक झाली. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं ते आठवड्याला एक गीत या हिशेबानं, छप्पन गीतं, वर्षभर. माडगूळकर लिहीत, बाबूजी चाल बांधत आणि लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत. ते तसंच ऐकायचं. आता दर बैठकीच्या शेवटी त्यातलं एक गीत लावतो, विड्यासारखं.

‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीपर्यंत. हा आम्ही रात्री लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. रविवारी पहाटे साडेपाचला गच्चीवर पुन्हा लावला. खाली दूधवाला, लांबून रेल्वेचा भोंगा. पहिली बाजू तिथे ऐकली आणि दुसरी संध्याकाळी. बाजू उलटायला दिवसभर लागला तरी चालतो, नियम आपलेच आहेत.

भांडणाची तयारी

‘रूमर्स’, १९७७, फ्लीटवुड मॅक. बँडमधलं एक जोडपं घटस्फोट घेत होतं, दुसरं तुटत होतं, आणि सगळे एकाच स्टुडिओत एकमेकांवर गाणी लिहून एकमेकांकडून वाजवून घेत होते. दुसरी बाजू ‘द चेन’नं उघडते, पाचही जणांच्या नावावर असलेलं हे या अल्बममधलं एकमेव गाणं. नवरा-बायकोनं हा ऐकायलाच हवा, पण घरात सगळं ठीक असताना. आम्ही गॅस एजन्सीला फोन कुणी करायचा यावर दोन दिवस अबोला धरलेला असताना लावला. वहीत दोन्ही पानं कोरी आहेत.

अर्ध्यात सोडायची मुभा ठेवा, वर्षाला दोघांना तीन-तीन वेळा. पण सोडणाऱ्यानं खोलीतून जायचं, अल्बम चालू राहतो. लेकीनं यादीत स्टीव्ह राइश नावाच्या अमेरिकन माणसाचा ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ घुसडला होता. जवळजवळ तासभर छोट्या छोट्या लकेरी पुन्हा पुन्हा येतात आणि कळत नकळत बदलत जातात. विसाव्या मिनिटाला माझं डोकं चढलं, मी भांडी घासायला गेले. हे डोळे मिटून बसले होते. नंतर उजव्या पानावर पाहिलं: ‘आठ माग एकदम चालू केले की थोड्या वेळानं असंच होतं. आधी गोंगाट. मग त्यात चाल ऐकू येते. मी कुणाला बोललो नव्हतो.’ सव्वीस वर्षांत मलाही बोलले नव्हते. मी विचारलं, अहो, कसली चाल? तर टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवली, धोटा इकडून तिकडे जातानाचा ठेका. तो अल्बम ह्यांनी त्या महिन्यात आणखी दोनदा लावला. मी दोन्ही वेळा भांडी घासली.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. चुकलेला आठवडा पुढच्यात घुसवू नका, एका रात्री दोन अल्बम म्हणजे दोन्ही वाया. दर बाराव्या बैठकीला नवा न ऐकता वहीतला एखादा ‘थंडीत बघू’ काढा. पाहुणे आले तर त्यांना बसवा, पण लिहायला लावू नका.

आम्ही सदतिसाव्यावर आहोत. पुढचा स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’, १९७६. दोन पूर्ण तबकड्या, वर चार गाण्यांची छोटी तबकडी, एकूण एकवीस गाणी आणि पावणेदोन तास. एका रात्रीत होणार नाही, म्हणून दोन रात्री काढल्यात. शुक्रवारी पाणी आहे. शनिवार आणि रविवार.